थंडीसाठी घर लावताना: पुणे, नाशिक, नागपूरकडच्या नव्या बिऱ्हाडांसाठी

पुण्यात, नाशिकला, संभाजीनगरात किंवा नागपुरात पहिलंच बिऱ्हाड थाटलेल्यांना, त्यातही मुंबई-कोकणातून आलेल्यांना, पहिल्या थंडीत एक गोष्ट हमखास कळते. बाहेर असतं त्यापेक्षा घरात जास्त गार वाटतं. दुपारी तीन वाजता रस्त्यावर साध्या शर्टात फिरता येतं आणि घरात चप्पल काढली की फरशी पायाला चावते.

आपल्याकडची घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. मोठ्या खिडक्या, आरपार वारा, गुळगुळीत फरशी, पातळ पडदे. मे महिन्यात हे सगळं सुखाचं वाटतं, पण डिसेंबरच्या पहाटे तेच अंगावर येतं. आणि थंडीही आपली वेगळीच. देशावर आणि विदर्भात डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८ ते ३० अंशांपर्यंत जातो आणि रात्री १०-१२ वर उतरतो. अधूनमधून त्याच्याही खाली घसरतो. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश नोंदले गेले होते, नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५. निफाडचं नाव तर दर वर्षी बातम्यांत असतंच. म्हणजे आपल्याला चौदा-पंधरा तासांची थंडी सांभाळायची असते, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ-नऊपर्यंतची.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सगळ्या घराची हवा तापवायच्या मागे लागू नका. अंग जिथे जिथे टेकतं, म्हणजे पाय, पाठ, बैठक आणि अंथरूण, तेवढ्या जागा उबदार करा. दिवसा ऊन आत घ्या, संध्याकाळी ते कोंडून ठेवा. एवढं साधलं की निम्म्याहून अधिक काम कापडावरच भागतं, आणि ते कापड बहुतेक वेळा घरातच पडलेलं असतं.

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना यातला अंथरूण-पांघरुणाचा आणि उजेडाचा भाग पुरेल. बाकीचं केलंत तर जानेवारीतच घामाघूम व्हाल.

पहिली पायरी: आपलं घर ओळखा

खरेदीच्या आधी एक रविवार घराकडे नीट बघण्यात घालवा. दिवाळीची साफसफाई झाली की लगेचचे दिवस त्यासाठी उत्तम.

आधी ऊन बघा. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून ४८ अंशांपेक्षा वर चढत नाही, नागपुरात तर ४५ च्या आसपासच राहतो. याचा फायदा असा, की वर मोठा छज्जा नसेल तर दक्षिणेच्या खिडकीतून ऊन सहा फूट आतपर्यंत येतं. उन्हाळ्यात याच खिडकीतून ते जेमतेम चौकटीवर पडतं. उत्तरेच्या भिंतीला मात्र हिवाळाभर ऊन लागतच नाही. त्या भिंतीला लागून पलंग असेल तर तो हलवा. हा बदल फुकटचा आहे आणि त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब सोडत राहते. उन्हाळ्यात नकोशी वाटणारी पश्चिमेची खोली थंडीत झोपायला सगळ्यांत चांगली. जुन्या वाड्यांत माणसं ऋतूप्रमाणे झोपायची जागा बदलत. उन्हाळ्यात ओटीवर किंवा गच्चीत, थंडीत माजघरात, कारण माजघराला चहूबाजूंनी दुसऱ्या खोल्या असत आणि बाहेरची भिंत क्वचितच. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही हे करता येतं.

तुम्ही सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर निरभ्र रात्री स्लॅब झपाट्याने गार होतो. त्याला घरातून फार काही करता येत नाही. अंथरुणावर थोडा जास्त खर्च करावा लागेल, एवढं गृहीत धरा.

मग तापमान बघा. त्यासाठी यंत्र लागत नाही, खोबरेल तेल पुरतं. शुद्ध खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठायला लागतं. छोट्या वाट्यांत थोडं थोडं तेल घालून प्रत्येक खोलीत एकेक वाटी ठेवा. रात्री झोपताना कुठल्या वाटीत कडेने पांढरी साय धरली आहे आणि कुठलं तेल अजून पाण्यासारखं हलतंय, ते बघा. पहिल्यांदा गोठणारी खोली ही घरातली गार खोली, तिथे सामान ठेवा. शेवटी गोठणारी ती झोपायची खोली.

शेवटी वारा शोधा. रात्री पंखे बंद करून एक उदबत्ती पेटवा आणि ती खिडकीच्या चौकटीच्या कडेकडेने, दाराखालून, विजेच्या खोक्यांजवळून हळूहळू फिरवा. पडदे आधी बाजूला करून बांधून ठेवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. जिथे तो एकदम आडवा होतो तिथे फट आहे. त्या जागेवर खडूने खूण करा. बहुतेक घरांत अशा चार-पाचच जागा निघतात.

दुसरी पायरी: फटी बुजवा, पण सगळ्या नाही

हल्लीच्या घरांत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. त्यांच्या झडपांना कडेने केसाळ ब्रशसारखी पट्टी असते. चार-पाच वर्षांत ती झिजून टक्कल पडतं आणि तिथून वारा येतो. खिडक्या बसवणाऱ्या कारागिराला नुसती पट्टी बदलून मागा. नवीन खिडकी घ्यायची काहीच गरज नसते. दोन झडपा मधोमध जिथे एकमेकींवर येतात तिथली पट्टी आवर्जून बघायला सांगा, कारण सगळ्यांत जास्त वारा तिथूनच येतो आणि काम करणारा नेमकी तीच विसरतो.

लाकडी खिडक्या असतील तर फोमची चिकटपट्टी पुरते. ती झडपेला न लावता झडप ज्या चौकटीवर टेकते तिथे लावा. घर भाड्याचं असेल आणि जाताना डिंक राहिला तर खोबरेल चोळून थोडा वेळ ठेवा, पुसलं की निघतो.

मुख्य दाराखालच्या फटीसाठी जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक टोक शिवा, आत जुन्या कपड्यांच्या चिंध्या किंवा वाळू भरा आणि दुसरं टोक शिवून टाका. रात्री दार लावलं की ही लांबट उशी आतून पायाने सरकवून ठेवायची. वाळूची जास्त चांगली बसते, चिंध्यांची सहज उचलता येते.

आता महत्त्वाचं. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तिथली झरोक्याची काचपट्टी कधीही बंद करू नका, तिथे कापड कोंबू नका, पुठ्ठा लावू नका. बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आंघोळीला गेलेलं माणूस आतच बेशुद्ध पडतं. वारा नकोच असेल तर न्हाणीघराचं दार लावून ठेवा, झरोका उघडाच राहू द्या. हेच स्वयंपाकघराला लागू. गॅस सिलिंडर असलेली खोली हवाबंद करायची नसते.

तिसरी पायरी: पडदे

खिडकीची काच रात्री गार पडते आणि तिच्याजवळची हवा गार होऊन खाली फरशीवर उतरते. फट एकही नसली तरी खिडकीजवळ बसल्यावर घोट्याला गार झुळूक लागते ती त्यामुळे. जाड पडदा ती हवा अडवतो. मात्र पडदा खिडकीच्या चौकटीपुरताच असेल तर हवा खालून निसटते. म्हणून थंडीचा पडदा जमिनीपर्यंत हवा, आणि खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापडाचा हवा म्हणजे चुण्या पडतात. दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट जास्त घ्या. त्यामुळे दिवसा पडदा पूर्ण बाजूला सरकतो आणि ऊन अडत नाही.

नव्या पडद्यांचे पैसे नसतील तर सोलापुरी चादर वापरा. एकेरी चादर साधारण पाच फूट बाय साडेसात फुटांची असते. चिमट्याच्या कड्या मिळतात, त्या चादरीच्या वरच्या कडेला लावून दांडीत ओवायच्या. कापायचं नाही, शिवायचं नाही, आणि फाल्गुनात काढून पुन्हा अंथरायला मोकळी. जाड सुती विणीच्या, दोन्ही बाजूंनी उलटसुलट रंगांची नक्षी असलेल्या या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. घ्यायच्या वेळी नक्षी दोन्ही बाजूंनी विणलेली आहे ना, ते बघा. एका बाजूने नुसता छाप असलेल्या चादरी त्याच नावाने सर्रास विकल्या जातात.

चौथी पायरी: पायाखाली

व्हिट्रिफाइड टाइल असो, शहाबादी असो, कोटा असो, फरशी तळपायातली ऊब ओढून घेते. खोलीतल्या लाकडी पाटाचं आणि फरशीचं तापमान एकच असतं, पण पाटावर पाय ठेवला की तेवढं गार वाटत नाही, कारण लाकूड ती ऊब सावकाश ओढतं. जेवताना पाटावर बसायची पद्धत थंडीत किती शहाणपणाची आहे, ते एकदा करून बघा.

सगळ्या खोलीभर गालिचा घालायची गरज नाही. तीन जागा पुरतात. पहाटे पलंगावरून पाय खाली टाकता ती जागा, ओट्यासमोर जिथे तासभर उभं राहावं लागतं ती जागा, आणि बैठकीची जागा. पलंगाशी जाड सुती पायपुसणंसुद्धा चालतं. ओट्यासमोर तागाचं किंवा रबराचं घ्या, तिथे पाणी सांडतं. बैठकीला खाली चटई, तिच्यावर सतरंजी किंवा जमखाना, आणि त्यावर पातळ गादी असे तीन थर द्या. थरांमध्ये कोंडलेली हवाच खरी ऊब धरते. त्यामुळे एका महागड्या गालिच्यापेक्षा तीन साधे थर जास्त उबदार होतात.

गुळगुळीत टाइलवर कुठलीही सतरंजी घसरते. घरात वयस्कर माणसं असतील तर तिच्याखाली रबरी जाळी घातल्याशिवाय ती अंथरूच नका.

सोफा रेक्झिनचा असेल तर तो थंडीत बसवत नाही. त्यावर खादीची जाड खोळ किंवा दुमडलेली चादर टाका. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लोकरी आसन ठेवा. काम इतकंच.

पाचवी पायरी: अंथरूण-पांघरूण

या पायरीवर मला जास्त बोलायचं आहे, कारण दिवसातले सात-आठ तास आपण इथे घालवतो आणि इथेच लोक डोळे झाकून खर्च करतात. थंडी सुरू झाली की चकचकीत, गुबगुबीत ब्लँकेट घरी येतं. बहुतेक ब्लँकेटं पॉलिस्टरची असतात. ती गरम असतात यात वाद नाही. पण घाम शोषत नाहीत, त्यामुळे मध्यरात्री उकडून फेकली जातात आणि पहाटे गारठा लागून पुन्हा ओढली जातात. कोरड्या हवेत त्यांना हात लावला की स्थिर विजेचा चटकाही बसतो. आपल्या थंडीला, जिथे झोपताना १८ आणि पहाटे ११ अंश असतात, एकच जाड पांघरूण जमत नाही. दोन-तीन पातळ पांघरुणं हवीत, म्हणजे झोपेतच एक ओढता येतं, एक सारता येतं.

आधी खालची बाजू. लोक वर पांघरुणं वाढवत जातात आणि खालून गारठतात. लोखंडी किंवा जाळीच्या कॉटवर पातळ गादी असेल तर गादीखाली घोंगडी किंवा जाड सतरंजी घाला. कापसाची गादी कडक झाली असेल तर ती टाकून देऊ नका. पिंजाऱ्याकडे नेऊन कापूस पिंजून पुन्हा भरून घ्या. दबलेल्या कापसात हवा राहत नाही, म्हणून ऊबही राहत नाही. पिंजला की तोच कापूस फुलून येतो. दुलईचंही तेच. ऑक्टोबरचं कडक ऊन या कामाला अगदी योग्य. त्याच उन्हात घरातल्या सगळ्या गाद्या, उश्या, रजया गच्चीवर टाका, दुपारी एकदा उलटा, आणि चारच्या आत खाली आणा. त्यानंतर ऊन उतरतं आणि कापूस पुन्हा दमट होतो.

गोधडी. घरात असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. पश्चिम महाराष्ट्रात काही ठिकाणी तिलाच वाकळ म्हणतात. नसेल तर शिवायला शिका. एका थंडीत एक गोधडी आरामात होते. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याचे चार समान तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा येतो. दोन-दोन तुकडे रुंदीत जोडा. एक जोड वरच्या बाजूला, एक खालच्या. म्हणजे एका लुगड्यात मोठ्या गोधडीची दोन्ही अंगं निघतात. आत जुनी धोतरं, विरलेल्या चादरी, सुती ओढण्या पसरा. सगळं सुतीच घ्या. पॉलिस्टरची साडी आत घातली तर ती टाक्यांमधून सरकते आणि दोन धुण्यांत आतल्या आत गोळा होतो.

जमिनीवर खालचं अंग ताणून पसरा, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. आतले थर घाला. एकही सुरकुती राहता कामा नये. हाताच्या पंजाने मधून कडेकडे सारवल्यासारखा हात फिरवत जा. मग वरचं अंग. कडा आत दुमडा. लांब लांब कच्चे टाके मधून बाहेर असे घालून सगळे थर पकडून घ्या. त्यानंतर जाड सुती दोऱ्याने कडेपासून सुरुवात करून चौकोनात गोल गोल धावदोरा घालत आत या. दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. अंतर वाढवलं तर गोधडी लवकर होते पण धुतल्यावर लोंबते. टाका वरून शेंगदाण्याएवढा दिसला तरी चालेल, तो सरळ असण्यापेक्षा सारख्या ताणाचा असणं महत्त्वाचं. दोरा फार ओढला तर कापड आक्रसतं. मध्यावर पोहोचलात की झालं. नंतर कच्चे टाके उसवून काढा.

आजीचं लुगडं, आईची साडी, बाळाची दुपटी एकाच गोधडीत जातात आणि रोज रात्री अंगावर येतात. घर सजवणं याहून वेगळं काय असतं, मला ठाऊक नाही. ती कपाटात घडी करून ठेवू नका. दिवसा पलंगावर उलगडून पसरा. खोलीत दुसऱ्या रंगाची गरजच उरत नाही.

घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, धनगरांनी कातरलेल्या लोकरीच्या सुतावर सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला, पंढरपूरच्या बाजारात, सांगली-सोलापूरकडच्या जत्रांत मिळते. काळी घोंगडी बहुतेक मेंढीच्या मूळ रंगाचीच असते. पहिल्या दिवशी ती टोचते, खळीमुळे पत्र्यासारखी ताठ असते आणि तिला मेंढीचा वास येतो. तिला तसंच दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, झटका, मग वापरा. वापराने ती मऊ होत जाते. अंगाला थेट लावू नका. आधी सुती चादर, तिच्यावर घोंगडी. गादीखाली अंथरायला तर उत्तमच.

खरी की खोटी, हे ओळखायची खूण सोपी आहे. विकणाऱ्याला विचारून दशीतला एक धागा ओढून घ्या आणि काडीने पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली, तर ती लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. खरी घोंगडी विकणारा माणूस ही परीक्षा आनंदाने करू देतो.

धुलाई यंत्रात घोंगडी घालायची नाही. डाग पडला तर तेवढीच जागा गार पाण्याने पुसा.

माझा हिशेब असा: सुती चादर, तिच्यावर गोधडी, पायाशी घडी करून ठेवलेली घोंगडी किंवा दुलई. पहाटे तीन-चारच्या सुमाराला थंडी वाढली की ती पायाशी असलेली ओढायची. मोठ्या माणसांना जवळजवळ सगळा हिवाळा एवढं पुरतं.

वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र वेगळा नियम. त्याच्या अंगावर जड गोधडी, दुलई किंवा सैल पांघरूण घालू नका, तोंडावर येऊन श्वास अडू शकतो. अंगभर उबदार कपडे घाला, खोली उबदार ठेवा. गरम पाण्याची पिशवी वापरायची तर उकळतं पाणी भरू नका, पिशवीला कापडाची खोळ घाला, बाळ अंथरुणावर ठेवण्याआधी ती काढून घ्या. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनाही रात्रभर पायाशी पिशवी देऊ नका. भाजल्याचं त्यांना सकाळी कळतं.

सहावी पायरी: उजेड आणि रंग

आपल्याकडे बहुतेक घरांत पांढराशुभ्र, निळसर उजेड असतो. दिव्याच्या खोक्यावर ६५०० के असं छापलेलं असतं, तो हा. उन्हाळ्यात तो बरा वाटतो. थंडीत त्याच उजेडात भिंती आणखी गार दिसतात. बैठकीच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० किंवा ३००० के लिहिलेला पिवळसर दिवा लावा. स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलावर पांढराच राहू द्या, तिथे नीट दिसायला हवं.

दिवा छतावर एकच नको. एक खालच्या पातळीवर, बसल्यावर खांद्याएवढा उंच असा ठेवा. दिवाळीचा आकाशकंदील बहुतेक जण काढून माळ्यावर टाकतात. कापडी किंवा कागदी असेल तर आत पिवळा एलईडी दिवा घालून तो खोलीच्या कोपऱ्यात टांगून ठेवा, संक्रांतीपर्यंत छान दिसतो. नोव्हेंबरच्या शेवटी वर्षातला सगळ्यांत लवकरचा सूर्यास्त होतो आणि जानेवारीच्या मध्याला सगळ्यांत उशिराचा सूर्योदय. म्हणजे नोव्हेंबरात संध्याकाळचा दिवा महत्त्वाचा आणि जानेवारीत पहाटेचा. मुलांना शाळेसाठी उठवताना डोळ्यांवर पांढरा झोत टाकण्यापेक्षा हा कोपऱ्यातला दिवा आधी लावा.

रंगांचं म्हणाल तर भिंती रंगवायची गरज नाही. काळा, कुसुंबी, गर्द हिरवा, हळदी हे आपले थंडीचेच रंग. संक्रांतीला काळं नेसतात, कारण काळं कापड ऊन शोषतं. उश्यांच्या खोळी, एखादी चादर, टेबलावरचं कापड एवढ्यांत हे रंग आणा. पितळेची घागर, तांब्या, जुना डबा घासून त्या पिवळ्या दिव्याजवळ ठेवा. पितळेवर उजेड उतरला की अख्खा कोपरा उजळतो. खिडकीत शेवंतीच्या दोन कुंड्या. ही झाडं याच दिवसांत फुलतात आणि त्यांना हेच तिरपं ऊन हवं असतं.

सातवी पायरी: हीटर घ्यायचा का?

एवढं सगळं केल्यावर बहुतेक घरांना हीटर लागत नाही. घरात बाळंतीण, तान्हं मूल किंवा आजारी वडीलधारी माणसं असतील तर जरूर घ्या. तेल भरलेला, पंख्याशिवायचा हीटर बंद खोलीत बरा, कारण त्यात लाल तापलेली तार उघडी नसते. २००० वॉटचा हीटर पूर्ण शक्तीवर तासभर चालला की दोन युनिट वीज जळते, हा हिशेब आधी मांडा. तो १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायचा, एक्स्टेन्शन बोर्डाला कधीच नाही. पडदे, पांघरुणं, गादी यांपासून किमान तीन फूट लांब. त्यावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. झोपायच्या आधी तासभर खोली तापवा आणि झोपताना बंद करा. गोधडीखाली ती ऊब पुरते.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. निखारे विझत आल्यासारखे दिसले तरी नाही. गीझरबद्दल सांगितलेला तोच विषारी वायू तिच्यातून निघतो आणि झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. शेकोटी अंगणात, गच्चीत, मोकळ्यावर.

रोज काय करायचं

सकाळी नऊ-दहाला ऊन आलं की त्या बाजूचे पडदे पूर्ण उघडा. दुपारी बारा ते तीनमध्ये सगळ्या खिडक्या पंधरा-वीस मिनिटं उघडून घरात हवा खेळू द्या. बाहेर तेव्हा घरापेक्षा जास्त ऊब असते. पांघरुणं त्या वेळात उन्हात टाका. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी खिडक्या बंद, पडदे ओढलेले. लोक ही वेळ चुकवतात, अंधार पडल्यावर खिडक्या लावतात, आणि तोवर दिवसभर जमवलेली ऊब निघून गेलेली असते. डासही त्याच वेळेला आत येतात, त्यामुळे हा नेम लावून घेतलात तर दुहेरी फायदा.

आवरताना

होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात, त्या सुमारास आवराआवर करा. घोंगडी आणि लोकरी आसनं कडक उन्हात दोन दिवस टाकून, नीट झटकून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती कापडात बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमट राहतं. डांबरगोळ्या लहान मुलं असलेल्या घरात वापरू नका, ती गोळी समजून तोंडात घालतात. गोधड्या धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा.

आणि सरकत्या खिडक्यांच्या खालच्या खाचेत बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात. वाऱ्यासाठी ती बुजवली असतील, तर याच वेळी न विसरता मोकळी करा. पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. भोकं बंद राहिली तर पहिल्याच वळवाला ते घरात उतरेल आणि त्याच खिडकीखाली ठेवलेला सतरंज्यांचा गठ्ठा भिजेल.